चार इंच निळी रेघ

ती रेघ मला दिसली मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता. वेळ इतकी नेमकी सांगते आहे, कारण पुढे ती मला तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून सही करून द्यावी लागली.

रेघ निळी होती, बॉलपेनची. साधारण चार इंच लांब, थरथरत निघालेली, मध्येच एक वळण घेऊन पुन्हा सरळ होण्याचा विचार केलेली आणि तो विचार अर्ध्यात सोडलेली. कुठल्याही घरात साडेचार वर्षांची मुलगी असली की अशा रेघा भिंतीवर, पलंगाच्या पाट्यावर, लाइटच्या बिलावर सापडतातच. ही रेघ मात्र सासऱ्यांच्या नकाशावर होती.

आता हा नकाशा म्हणजे पुस्तकाच्या दुकानात गुंडाळी करून मिळतो तसला नव्हे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, परक्यांच्या राज्यात, कोणीतरी तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरला आणि मग जाड कागदावर छापला. किनारा केसाएवढ्या रेघांनी काढलेला. डोंगर म्हणजे केसाळ सुरवंट ओळीने चाललेत असं वाटावं. सीमांवर हाताने भरलेले गुलाबी आणि हिरवे रंग. कोपऱ्यात एक टोपीवाला साहेब झाडाला टेकून उभा आहे आणि आपण हे सगळं मोजलंय अशा चेहऱ्याने पाहतो आहे. प्रत्यक्षात त्याने काही सगळं मोजलं नव्हतं. किनाऱ्याला गावांची नावं मुंग्यांसारखी दाटलेली, आणि चार बोटं आत गेलं की कोरं. तिथवर त्याची माणसं पोचलीच नव्हती. रेघ होती ती त्या कोऱ्या भागात. म्हणजे एखाद्या गर्दीच्या ठिकाणी असती तर निदान लपली तरी असती.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, छत्तीस वर्षं मोजणी खात्यात आरेखक होते. नकाशे काढायचे. हा एक नकाशा सोडला तर त्या छत्तीस वर्षांतलं घरात काहीही नाही. काचेत घातला की नकाशा मरतो असं त्यांचं मत, म्हणून तो एका फळीवर चार चिमट्यांनी लावलेला. आणि माझ्या मुलीला, ठकीला, नीट दिसावा म्हणून फळी तिच्या उंचीवर. वरच्या मजल्यावरच्या काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या की पोराच्या उंचीवर ठेवलेली वस्तू ही पोराचीच होते. त्या वेळी मी हसले होते. मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्याच्या तळापासून तीनदा परत वर आलेली आहे. पण नेमकी जिथे काळजी करायची तिथे मी हसते.

मी ठकीला विचारलं. मुलांना वाढवण्याच्या पुस्तकात लिहिलंय तसं, आरोप न करता, तिच्या पातळीवर बसून, शांत आवाजात. हा माझा शांत आवाज ठकीला अजिबात सोसत नाही. मी ओरडले तर ती उलट ओरडते आणि विषय दोन मिनिटांत मिटतो. शांत आवाज ऐकला की तिला कळतं की काहीतरी भयंकर झालेलं आहे. नकाशावर काहीतरी दिसतंय ना, असं मी म्हटलं. तिने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "दिसतंय" म्हणाली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

माझी खरी भीती कागदाची नव्हती. ठकीला मित्र असा एकच आहे आणि तो सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. बाबा आमच्याशी मोजकं बोलतात. मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, तर दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं, तीही पाण्याच्या टाकीबद्दल. पण ठकीशी तासन् तास. रोज संध्याकाळी दोघं त्या नकाशासमोर दोन पाटांवर बसतात आणि बोटाने किनाऱ्या-किनाऱ्याने फिरतात. आणि आता तिने त्यांच्या एकुलत्या एका ठेव्यावर पेन चालवलं होतं. ते तिला रागावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ते फक्त गप्प होतील. पाट एकच मांडतील. बाबा गप्प झाले की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. माझ्या थोरल्या दिरांशी ते एका फूटपट्टीवरून गेली अकरा वर्षं गप्प आहेत.

बाबा नणंदेकडे गेले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. ते सोमवारी झालं. रविवारी परत यायचे होते. म्हणजे हातात पाच दिवस, आणि येणारा माणूस नवा डोळा घेऊन येणार. जुन्या डोळ्याच्या भरवशावर एखादी गोष्ट दडपता आली असती, तर तीही सोय नाही.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. त्याने चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं आणि म्हणाला, "त्यावर कॅलेंडर लाव." मग जेवायला काय आहे ते विचारलं. संसारात मला एकटं वाटण्याचे जे काही मोजके प्रसंग आले त्यांत हा वरचा आहे.

बुधवारी सकाळी काकू इस्त्रीची वायर मागायला आल्या आणि त्यांनी मला ब्रेड घेऊन नकाशासमोर उभी पाहिली. (ब्रेडच्या गराने जुना कागद साफ होतो असं मी मोबाइलवर वाचलं होतं. कागद होतो. शाई होत नाही. मुंग्या मात्र तासाभरात आल्या आणि छापील गावांमध्ये अशा मिसळल्या की कुठली मुंगी आणि कुठलं गाव ते कळेना.) काकूंनी सगळं ऐकून घेतलं. डाग ही त्यांची खास विद्या आहे. त्यांच्या मते जगात न निघणारा डाग नसतो, चुकीच्या हातात पडलेला डाग असतो. स्पिरिट आणि कापसाचा बोळा, एवढंच त्या म्हणाल्या, आणि वायर घेऊन न जाता खुर्ची ओढून बसल्या.

मी बोळा टेकवला. रेघ हलली. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा टेकवला. तेव्हा रेघेचं वरचं टोक विरघळलं आणि शेजारी पसरलं. चार इंचांच्या रेघेखाली एक निळसर तळं तयार झालं. ते टिपायला मी दुसरा बोळा घेतला तर तो गुलाबी झाला. पावणेदोनशे वर्षं टिकलेली एका राज्याची सीमा माझ्या बोळ्यावर आली होती. काकू शांतपणे म्हणाल्या की रंग कच्चा होता, आपला दोष नाही. आणि ओल आहे तोवर वाळवून घे.

मी केस वाळवायचं यंत्र फिरवलं. कागदाला लाटा आल्या. समुद्रात आल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्या डोंगरांत आल्या.

एवढ्यात काकूंचे मिस्टर वायर का आली नाही हे पाहायला खाली आले. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून कायदा या विषयावर बोलतात. त्यांनी नकाशा पाहिला, डाग पाहिलाच नाही. शंभर वर्षांवरची वस्तू घरात ठेवायला नोंदणी लागते, नाहीतर तो गुन्हा होतो, असं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. कुठला कायदा असं मी विचारलं तर म्हणाले, असतोच. बरं, मी काही पाहिलेलं नाही, असंही म्हणाले, आणि जिन्यात थांबून मोठ्याने तेच पुन्हा म्हणाले.

आता निदान लाटा तरी काढायला हव्या होत्या. मी ठकीला एका हाताने आणि नकाशाची गुंडाळी दुसऱ्या हाताने धरून चौकातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. दुकानभर लोकांच्या पदव्या, लग्नं आणि वारलेले नातेवाईक. फ्रेमवाला फार गोड माणूस. त्याने गुंडाळी उघडली, "अरेरे" म्हणाला आणि मग जे वाक्य म्हणाला त्याची मला आता धडकीच भरते. "ताई, तुम्ही काळजीच करू नका."

मी त्याला फक्त सपाट करायला सांगितलं होतं. हे मी पुढे प्रत्येक खिडकीवर सांगितलं आणि प्रत्येक खिडकीने ऐकून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी त्याने नकाशा टेबलावर ठेवला तेव्हा तो खरोखर आरशासारखा सपाट होता. पुठ्ठ्यावर डकवून, गरम दाबात घालून, कायमचा. पुन्हा कधी सुरकुती पडली तर पैसे परत, असंही तो म्हणाला. मी हात लावून पाहिला. पाठ नव्हती. नकाशाला आता पाठच उरली नव्हती, पुठ्ठा होता. आणि तो पूर्वीपेक्षा लहान का दिसतोय हे मला दोन मिनिटांनी कळलं. कडा पिवळ्या होत्या, वाईट दिसत होत्या, म्हणून त्याने चारी बाजूंनी बोटभर कापल्या होत्या. त्या कडांत कोरणाऱ्याचं नाव, साल आणि छापताना तांब्याच्या पत्र्याचा कागदावर उठलेला काठ होता. तो काठ अस्सलपणाची खूण असतो. बाबा तो ठकीच्या बोटाला लावून दाखवायचे.

कुठे आहेत त्या कडा, मी विचारलं. त्याने काउंटरखालच्या पिंपाकडे हात केला. मी, वाणिज्य शाखेची पदवीधर, पुढच्या महिन्यात पुन्हा नोकरीवर रुजू होणारी बाई, त्याच्या दुकानात वाकून कागदाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभी होते, आणि दाराशी एक जोडपं लग्नाचा फोटो घेऊन थांबलं होतं. बायको नवऱ्याला हळूच म्हणाली की आपण दुसरीकडे बघू. चारांपैकी साडेतीन कडा सापडल्या. ठकीने एकही शब्द न बोलता त्या आपल्या दप्तरात ठेवून घेतल्या. मंगळवारपासून ती असंच करत होती. कमी बोलायची आणि मी सांगितलेलं सगळं ऐकायची. मुलगी शहाण्यासारखी वागायला लागली की आईला झोप लागत नाही हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

डकवलेला जुना कागद सोडवण्याचं काम सरकारी अभिलेखागाराच्या जतन शाखेत होतं, असं माझ्या शोधातून निघालं. शुक्रवारी मी तिथे गेले. लांबच लांब खोली, छतापर्यंत दप्तरं, आणि आवकच्या खिडकीमागे एक बाई. त्या अतिशय नीट बोलल्या, म्हणूनच मी गाफील राहिले. वस्तू कोणाची? सासऱ्यांची. त्यांच्याकडे कुठून आली?

मी म्हटलं, "ऑफिसातून आणली त्यांनी."

बाईंचं पेन थांबलं. कुठल्या ऑफिसातून? मी खात्याचं नाव अभिमानाने सांगितलं. खरं तर बाबांनी तो नकाशा जुनी इमारत रिकामी करताना झालेल्या रीतसर लिलावात घेतला होता, पाठीवर तसा शिक्काही होता. हे सगळं मी त्यानंतर सांगितलं, पण आधीचं वाक्य कागदावर उतरलेलं होतं. शिक्का दाखवा, बाई म्हणाल्या. मी नकाशा उलटा केला. पुठ्ठा. पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

त्यानंतरचा पाऊण तास मी तपशिलात सांगत नाही. सारांश असा. पुठ्ठा काढला तर शिक्का दिसेल. पुठ्ठा काढण्याचं काम जतन शाखेचं. जतन शाखा फक्त निर्विवाद मालकीच्या वस्तूंची दुरुस्ती करते. मालकी निर्विवाद व्हायला शिक्का दिसायला हवा. मी हे त्यांना बोटाने टेबलावर गोल काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, बरोबर समजलात. आणि मला एक पावती दिली. "संशयित शासकीय दस्तऐवज, नग एक, डागाळलेला, चौकशीअंती निर्णयासाठी ठेवून घेतला."

डाग घालवायला निघाले होते, नकाशा घालवून परतले. वाटेत ठकीने विचारलं की नकाशा त्यांच्याकडे राहायला गेला का. मी हो म्हटलं. आजोबांना विचारलं का, असं तिने विचारलं. मी बस आली म्हटलं. बस आली नव्हती.

घरी पावती वाचून नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. त्याने विचारलं, यात बाबांचं नाव कुठे आलंय का? आलं होतं. तिसऱ्या ओळीत. पुढे कंसात "निवृत्तिवेतनधारक" असंही होतं. काकूंच्या मिस्टरांनी ते वाचून पेन्शन रोखल्याची दोन उदाहरणं दिली, आणि त्यांतला एक गृहस्थ पुढे निर्दोष सुटला, असा धीरही दिला. वारल्यानंतर.

बाबा रविवारी यायचे ते शनिवारी दुपारी आले. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि नणंदेच्या शेजाऱ्यांची गाडी इकडे येत होती. दार उघडलं तर डोळ्याला काळा चष्मा, हातात पिशवी. आत आले, चष्मा काढला, खोलीभर पाहिलं. ऑपरेशननंतर माणूस घरात पहिल्यांदा काय पाहतो? त्यांनी फळी पाहिली. चार चिमटे. मधे काही नाही.

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायचा धीर नव्हता. ब्रेड, स्पिरिट, फ्रेमवाला, कडा, पावती. फक्त सुरुवात बदलली. ठकी दाराआड उभी होती, तिचे पाय मला दिसत होते. मी म्हटलं, "माझ्या हातातलं पेन लागलं, बाबा. पुसताना धक्का लागून रेघ उठली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या हातातलं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

मला वाटलं होतं तसंच झालं. बाबा गप्प झाले. पण हे गप्प होणं वेगळंच होतं. माझ्या नजरेला नजर देईनात. डोळ्यात थेंब घालायला मी गेले की त्यांचं लक्ष छताकडे, जे थेंब घालताना असायलाच हवं, पण थेंब घालून झाल्यावरही. रविवारभर घरात तीन माणसं एकमेकांना टाळत होती आणि चौथा माणूस क्रिकेट बघत होता. संध्याकाळी बाबांनी पाट मांडला नाही. ठकीही गेली नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला की जे वाचवायला एवढं खोटं बोलले तेच आता डोळ्यांदेखत संपतंय. रात्री झोपताना बाबा दारातून एवढंच म्हणाले, "उद्या ऑफिस किती वाजता उघडतं?"

सोमवारी आम्ही तिघं गेलो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, खिशाला दोन पेनं लावली. आवकच्या बाईंनी आम्हाला अधीक्षकांकडे पाठवलं. अधीक्षक बारीक, हळू बोलणारे, आणि प्रत्येक वाक्याखाली मनातल्या मनात रेघ ओढणारे. त्यांनी बाबांना तोच गोल समजावून सांगायला घेतला. बाबांनी पूर्ण ऐकून घेतला. छत्तीस वर्षांची नोकरी माणसाला अशा वेळी उपयोगी पडते हे मी प्रथमच पाहिलं. ते म्हणाले, "साहेब, आम्ही दुरुस्ती मागतच नाही. तुम्ही चौकशी करताय, तर चौकशीत वस्तूची तपासणी येते. तपासणी पाठीपासून करा."

अधीक्षकांनी वर पाहिलं. मग बाबांच्या पेनांकडे पाहिलं. "आपण खात्यातले," ते आदराने म्हणाले आणि घंटी दाबली.

जतन शाखेतल्या बाईंनी वाफ आणि एक पातळ पातं घेऊन दीड तास काम केलं. मी त्या दीड तासात खोलीतल्या सगळ्या दप्तरांची पाठ वाचली. पुठ्ठा एकदम सुटला नाही. थरांनी सुटला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात जांभळट शिक्का दिसला. निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी केलेला. लिलावात विक्री. खाली दिनांक आणि कोणाची तरी सही, इतकी गिचमिड की ती खरीच असणार.

मला वाटलं, संपलं. पण सरकारी वस्तू आत जाताना जेवढे कागद लागतात त्याहून जास्त ती बाहेर पडताना लागतात. परत देण्यापूर्वी स्थितीचा तक्ता भरायचा होता. म्हणजे आधीच्या कुठल्याही नुकसानीचं खापर नंतर कार्यालयावर फुटू नये. कीड, फाटणे, डाग, इतर. अधीक्षकांनी स्वतः पेन घेतलं. कडा कापलेल्या, लिहिलं. रंग उडालेला, लिहिलं. मग त्यांनी भिंग त्या निळ्या तळ्यावर धरलं. अर्धी रेघ अजून शिल्लक होती, खालचं टोक.

"ही शाई नंतरची आहे. कोणी लावली? हेतू लिहावा लागतो."

"मी," मी म्हटलं.

"मी," बाबा म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी पेन उचलून धरलं, कारण तक्त्यात जागा एकाच नावाची होती. आणि टेबलाच्या काठाखालून ठकी म्हणाली, "आम्ही दोघांनी. आजोबांनी माझा हात धरला होता."

मग बाबा बोलले. माझ्याशी नाही, अधीक्षकांशी. खात्यातल्या माणसाशी बोलणं त्यांना सोपं गेलं असावं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना मोजणीच्या तंबूवर पाठवलं होतं, या कोऱ्या भागात. तंबू एका ओढ्याकाठी होता. चार महिने त्यांनी त्याचं पाणी प्यायलं, त्यात कपडे धुतले. नकाशा काढायची वेळ आली तेव्हा ओढा आटलेला होता. वरिष्ठ म्हणाले, बारमाही नाही, दाखवता येणार नाही. बाबांनी पुढे नोकरीभरात तीन वेळा अर्ज केला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. आणि ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनात आलं की डोळ्याचं काही बरंवाईट झालं तर ते राहूनच जाईल. रेघ धड दिसत नव्हती, म्हणून जिला दिसत होती तिचा हात धरला.

"विनापरवाना फेरफार केला," ते म्हणाले. "आरेखकाने असं करू नये. घरात सांगायची लाज वाटली. ही शनिवारी म्हणाली की रेघ तिच्याकडून उठली, तेव्हा तर बोलायची सोयच उरली नाही."

मी ठकीकडे पाहिलं. तू का नाही सांगितलंस, असं विचारायला तोंड उघडलं, आणि माझा शांत आवाज घशाशी येतोय हे कळून ते मिटून घेतलं. मी पाच दिवस एक डाग पुसत होते. ब्रेडने, स्पिरिटने, केस वाळवायच्या यंत्राने. छत्तीस वर्षांत या माणसाला जे सरकारकडून मिळालं नाही ते त्याने स्वतः काढून घेतलं, आणि ते मी अर्धं पुसून टाकलं.

"माफ करा बाबा," मी म्हटलं.

"आटतोच तो," बाबा म्हणाले.

अधीक्षकांनी घसा साफ केला. ते हेलावलेले दिसत होते, पण तक्ता तक्ताच होता. त्यांनी 'डाग' या रकान्यात लिहायला घेतलं: निळ्या शाईचा डाग, अंदाजे चार इंच. बाबांनी सहीसाठी खिशातलं पेन काढलं. ते दमले होते, डोळ्यातून पाणी येत होतं, थेंबांची वेळ टळून गेली होती.

आणि मी म्हटलं, डाग नाही.

मला कार्यालयांची भीती वाटते. खिडकीवरच्या माणसाने भुवई उचलली तरी मी न केलेल्या चुकीबद्दल माफी मागते. पण त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले, काकू बसतात तशी. मी म्हटलं, मंगळवारी सकाळी सव्वादहापासून मी याला डाग म्हणत होते आणि त्यातूनच हे सगळं झालं. अधीक्षक म्हणाले, रकाने ठरलेले आहेत. मी म्हटलं, 'इतर' आहे ना. ते म्हणाले, 'इतर'मध्ये पूर्वी झालेला पाण्याचा शिरकाव, उंदीर वगैरे येतं. मी म्हटलं, पाण्याचा शिरकावच आहे. जतन शाखेतल्या बाई पातं पुसता पुसता थांबल्या. नैसर्गिक वैशिष्ट्याची नोंद करायला काही पुरावा लागेल, अधीक्षक म्हणाले. मी बाबांकडे हात केला. चार महिने प्यायलेत, म्हटलं.

बाबा मध्ये दोनदा म्हणाले की जाऊ दे, सही करतो. मी त्यांचं पेन काढून घेतलं. सासऱ्यांच्या हातातलं पेन काढून घेणारी सून मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. आमच्यामागे आणखी एक गृहस्थ कागद घेऊन उभे होते, ते खाली बसले. चाळीस मिनिटं झाली. शेवटी अधीक्षकांनी 'डाग' वर एक आडवी रेघ मारली, बाजूला छोटी सही केली, आणि 'इतर' या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मग कागद बाबांकडे फिरवला.

बाबांनी काळा चष्मा काढला. कागद जवळ धरला, मग लांब धरला, मग नव्या डोळ्याने वाचला. ओढा, हंगामी. लांबी चार इंच. अंशतः पुसलेला.

"ही आता सरकारी नोंद झाली?" त्यांनी विचारलं.

झाली, अधीक्षक म्हणाले.

"कोणाला खोडायची असली तर?"

"वरून लेखी परवानगी आणावी लागेल."

बाबांनी मान डोलावली, ठकीला उचलून कागद दाखवला, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस ना, सूनबाई?"